नकार कुणाचा? जुन्या संगणकावर नवी प्रणाली चढवताना

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नेर, म्हणजे जुन्या कागदपत्रांतले नेर परसोपंत, हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या गावात संगणक जिथे जिथे असतो तिथे तो इथेही आहे: सेतू केंद्रात, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, कृषी केंद्राच्या बिलिंगच्या टेबलावर, लग्नपत्रिका आणि निमंत्रणे छापणाऱ्या प्रेसमध्ये, शाळेच्या कार्यालयात. यांतले बरेचसे संगणक नवे नाहीत. कोअर टू ड्युओच्या काळातले, जी-३१ किंवा जी-४१ चिपसेटच्या मदरबोर्डावर जुळवलेले डबे आजही सकाळी सुरू होतात आणि रात्री बंद होतात. त्यांच्यावर चाललेले काम तसे हलके असते, त्यामुळे मालकाला बदलाची गरज वाटत नाही. मग एके दिवशी प्रणाली उडते, किंवा बँकेचे पान उघडेनासे होते, किंवा कुणीतरी सांगते की १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. त्यानंतर एकच वाक्य ऐकू येते, ‘नवी विंडोज मारून दे.’ आणि मारायला गेले की ती लागत नाही. ही पुस्तिका त्या न लागण्याबद्दल आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना येणारा अडथळा हा कुणीतरी दिलेला नकार असतो, आणि तो कुणी दिला हे ओळखले की निम्मे काम होते, हे या पुस्तिकेचे म्हणणे आहे. संगणक सुरू होण्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत एक साखळी असते. वीजपुरवठा बोर्डाला वीज देतो, बोर्डावरचा बायोस रॅम आणि कीबोर्ड तपासतो, मग तो पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क शोधतो, तिथल्या छोट्या बूट प्रोग्रामकडे कारभार सोपवतो, तो प्रणालीचा गाभा रॅममध्ये चढवतो, गाभा ड्रायव्हर बोलावतो, आणि शेवटी हार्डडिस्कवर फायली उतरू लागतात. प्रत्येक कडी पुढचीवर विश्वास ठेवते आणि मागचीबद्दल तिला फारसे काही ठाऊक नसते. नकार यांतल्या कुठल्याही कडीचा असू शकतो. आपल्याकडचा रूढ उपाय मात्र शेवटच्या कडीवरचा असतो: पुन्हा फॉरमॅट मारा, दुसऱ्या पेनड्राइव्हने करून बघा, दुसरी सीडी आणा. ताप आला की अंगावर घोंगडे टाकावे तसा हा उपाय. कधी लागू पडतो, कारण ताप कधी आपोआपही उतरतो. पण प्रत्येक फॉरमॅटबरोबर मूळ बिघाडाचा पुरावा आणि मालकाच्या फायली दोन्ही पुसल्या जातात.

नकारांतला सर्वांत जास्त गोंधळ घालणारा प्रकार दोन काळांच्या भांडणातून येतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबायला हवे. शेजारच्या दारव्ह्यावरून पूर्वी जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतला रेल्वे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षे चालले आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. इंजिन बदलले, रूळ तेच राहिले. नवे इंजिन चालले, कारण ते ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांसाठी निवडलेले होते. मोठ्या मार्गावरचे कितीही दमदार इंजिन आणले असते तरी ते त्या रुळांवर उभेसुद्धा राहिले नसते. संगणकाचे रूळ दोन मापांचे असतात. जुने माप बायोस आणि एमबीआर विभागणीचे. त्याचे मूळ १९८०च्या दशकातल्या आयबीएम पीसीत आहे, आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरांवर ते दोन टेराबाइटच्या पलीकडे पोचत नाही. नवे माप युईएफआय आणि जीपीटी विभागणीचे. ते घरगुती संगणकांत सर्रास दिसू लागले ते विंडोज ८ च्या, म्हणजे २०१२ च्या सुमारास. हार्डडिस्कची विभागणी एका मापाची असली आणि बोर्ड दुसऱ्या मापाने सुरू झाला की प्रस्थापनेच्या, म्हणजे प्रणाली बसवण्याच्या, मधोमध संदेश येतो की या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही. मालक म्हणतो हार्डडिस्क गेली. हार्डडिस्क धडधाकट असते, फक्त रूळ आणि इंजिन जुळलेले नसते. २०११ ते २०१५ च्या दरम्यानच्या बोर्डांवर हा घोळ फार, कारण ते दोन्ही मापे चालवतात आणि कुठल्या मापाने सुरू व्हायचे हे बूट मेनूतल्या एका ओळीवर ठरते. तिथे एकाच पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसते, एकदा युईएफआय या शब्दासह आणि एकदा त्याच्याशिवाय. त्या दोन ओळींतला फरक समजावणे हेच पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणाचे काम आहे, आणि माझ्या मते ज्याला एकच प्रकरण वाचायला वेळ असेल त्याने ते वाचावे.

दुसरा प्रश्न असा: नकार प्रत्येक वेळी एकाच जागी येतो की दर वेळी वेगळ्या? फायली उतरताना काम तीनदा बरोबर त्याच टक्क्यावर थांबले तर संशय पेनड्राइव्हवरच्या फायलीवर किंवा डिस्कच्या एखाद्या खराब भागावर जातो. एकदा १२ वर, एकदा ६० वर, एकदा पहिल्याच निळ्या पडद्यावर अडले, तर दोष बहुधा रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठ्याचा. हा अढळ नियम नव्हे. बिघडायला लागलेली डिस्कसुद्धा लहरी वागते. पण काहीही न उघडता, एक पैसा न खर्चता इतका उपयोगी पुरावा दुसरा मिळत नाही. आपल्याकडे तर त्याला जास्त महत्त्व आहे. विदर्भातला मे महिना, पंख्यात अडकलेली धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाजूला हवेत असणारे तंतू, आणि प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट हे सगळे एकत्र आले की रोजच्या टायपिंगला तग धरणारा डबा प्रस्थापनेच्या अर्ध्या तासात तापून बंद पडतो, कारण त्या अर्ध्या तासात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तिघांनाही सलग राबावे लागते. एसएमपीएसमधले, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातले, फुगलेले कपॅसिटर असेच शांतपणे दोष लपवतात. रॅमच्या पट्टीवरची सोनेरी टोके खोडरबराने पुसायची रिपेअरवाल्यांची पद्धत काहींना हास्यास्पद वाटते. तिच्यामागचे कारण मात्र खरे आहे, टोकांवर साचलेला मळ संपर्क तोडतो. पुसून झाल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम एक रात्र चालू ठेवला तर रॅमबद्दलचा वाद मिटतो. लाइन जाण्याची शक्यता असेल तर तो इन्व्हर्टरवर चालवावा, एवढेच.

मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल हा या गोष्टीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित अपराधी. तो संपला की बंद करून चालू केलेला संगणक आपले घड्याळ कारखान्याच्या तारखेवर नेतो आणि बायोसच्या जपून केलेल्या सेटिंग विसरतो. काल ज्या मोडमध्ये प्रणाली बसवली तो मोड आज बदललेला असतो, म्हणून कालची प्रणाली आज सुरू होत नाही. तारीख दहा-पंधरा वर्षे मागे गेली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अजून लागू झालेली नाहीत असे ब्राउझर समजतो, अपडेट अडतात, आणि ठपका इंटरनेटवर येतो. सीआर-२०३२ असे त्या सेलचे नाव. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पेनड्राइव्हच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो, बाकी पुस्तिकेत विस्ताराने आहेच. युईएफआय बोर्डांना समजणारी फॅट-३२ ही मांडणी चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल सामावून घेऊ शकत नाही, आणि अलीकडच्या विंडोजच्या संचातली मुख्य फाइल बरेचदा त्याहून मोठी असते. नुसते कॉपी-पेस्ट करून बनवलेला पेनड्राइव्ह इथेच फसतो. दुसरे म्हणजे मोबाइलच्या नेटवर तुकड्यातुकड्याने उतरवलेली आयएसओ फाइल पूर्ण उतरली की नाही हे तिच्या आकारावरून कळत नाही. त्यासाठी बनवणाऱ्याने दिलेला चेकसम, म्हणजे फाइलचा पडताळणी-संकेत, जुळवून पाहावा लागतो. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते न केल्यामुळे वाया गेलेल्या दुपारी मोजल्या तर मोठा आकडा होईल. निळ्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावून विंडोज ७ बसवताना येणारा ‘ड्रायव्हर सापडत नाही’ हा संदेशही याच जातीचा. त्या प्रणालीच्या मूळ संचात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. पेनड्राइव्ह शेजारच्या काळ्या पोर्टात लावला की बरेचदा मार्ग मोकळा होतो.

आता सर्वांत वादाचा नकार, विंडोज ११ चा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीने टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट जागा आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर अशा अटी घातल्या. ही आठवी पिढी २०१७ सालची, तेव्हा तिच्या आधीचे जवळजवळ सगळे डबे बाहेर पडले. यावर ‘अटी वगळून’ विंडोज ११ बसवून देणारे रिपेअरवाले सर्वत्र आहेत, आणि ते जमतेही. पण नियमाचा नकार आणि क्षमतेचा नकार यांत गल्लत होता कामा नये. टीपीएमची अट हा नियम आहे. प्रस्थापकाला तो तपासू दिला नाही तर तो पुढे सरकतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून मात्र गाभ्यालाच पॉपकाउंट ही प्रोसेसरची सूचना लागते, आणि कोअर टू ड्युओमध्ये ती मुळातच नाही. तिथे रजिस्ट्रीत कितीही ओळी घातल्या तरी संगणक सुरूच होत नाही. नियमाला वळसा घालता येतो. प्रोसेसरमध्ये कोरलेल्या गोष्टीला येत नाही. शिवाय नियमाला वळसा घालून बसवलेल्या प्रणालीला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी बनवणारा देत नाही. प्रयोग म्हणून ठीक. दुकानाचा हिशेब अशा यंत्रावर ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे हटकून विचारले जाते की मग विंडोज ७ च का ठेवू नये? ती या डब्यांवर सुरेख चालते, सगळ्यांना सवयीची आहे. सवयीचे मूल्य मी कमी लेखत नाही. परंतु विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीनंतर तिला सोडले. म्हणजे आज जी पाने उघडतात ती उद्या उघडतीलच असे नाही, आणि जी उघडतात ती जुन्या, छिद्रे न बुजवलेल्या ब्राउझरातून उघडतात. नेटला कधीच न जोडलेल्या, फक्त पत्रिका छापणाऱ्या संगणकावर विंडोज ७ काय, एक्सपी ठेवली तरी बिघडत नाही. डोंगल लावल्याशिवाय न चालणारे जुने डीटीपी सॉफ्टवेअर, आणि डोंगल प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसणारे, असे जिथे असेल तिथे तर जुने यंत्र जसेच्या तसे जपणे हेच शहाणपण. बँकेचे व्यवहार करणाऱ्या संगणकाला हा न्याय लावता येत नाही. विंडोज १० वाल्यांना घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

राहिला लिनक्सचा पर्याय. त्याचे पुरस्कर्ते बोलू लागले की सगळे प्रश्न सुटल्यासारखे वाटतात, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्धचे आक्षेप आधी ऐकून घेतले पाहिजेत. सेतू चालवणारा म्हणेल की बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, अनेक कार्यालयीन उपयोजने ही विंडोज गृहीत धरून बनवली आहेत. त्याचे म्हणणे बरोबर आहे. सेतूच्या संगणकावर लिनक्स बसवायचा आग्रह धरणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. पण सातबारा पाहणे, शाळेची माहिती भरणे, पत्रे टाइप करणे, मुलांनी व्हिडिओ पाहून अभ्यास करणे ही कामे ब्राउझर आणि ऑफिसची आहेत. त्यांना विंडोज लागत नाही. दुसरा आक्षेप असा की लिनक्सही आता जुन्या यंत्रांना वाऱ्यावर सोडते. यातही तथ्य आहे: क्रोमने ३२ बिट लिनक्सला २०१६ मध्येच निरोप दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट यंत्रासाठी प्रस्थापकच नाही. मात्र इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कोअर टू ड्युओ हा ६४ बिट प्रोसेसर आहे. त्याच्यावर ३२ बिट विंडोज बसवलेली असते ती तेव्हा रॅम कमी होती आणि सीडी हाताशी तीच होती म्हणून. ‘सिस्टीम’च्या खिडकीत ३२ बिट लिहिलेले पाहून यंत्रालाच ३२ बिट समजणे ही गावोगावची चूक आहे. असा डबा, २ गिगाबाइटऐवजी ४ गिगाबाइट रॅम आणि हार्डडिस्कऐवजी साधी साटा एसएसडी एवढ्यावर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू चालवतो, आणि मालकाला तो नवा झाल्यासारखा वाटतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर न जुळल्याने सुरुवातीलाच काळा पडदा आला तर बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द घालून बघावा. तो नकार ड्रायव्हरचा असतो, लिनक्सचा नव्हे.

एवढ्या खटपटीपेक्षा नवा संगणक का घेऊ नये, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्याच्या कामाचा तास महाग आहे त्याने नवा घ्यावा. एक गिगाबाइट रॅमचा, पेंटियम ४ चा डबा आजच्या वेबपानांसाठी जिवंत करण्यात अर्थ नाही. त्याला निरोप देणे योग्य, आणि तो भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला रीतसर गोळा करून पुनर्वापरात गेला तो २२.३ टक्के. पण या दोन टोकांच्या मधले संगणक फार आहेत. टायपिंग इन्स्टिट्यूटमधले दहा डबे एकदम बदलणे मालकाला परवडत नाही, आणि शासकीय टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या बोटांना कीबोर्ड हवा असतो, आठव्या पिढीचा प्रोसेसर नको असतो. पर्यायाचा हिशेब करायचा तर आधी जुन्याला काय झाले आहे हे कळले पाहिजे. सेल संपल्यामुळे निकालात काढलेला संगणक हा कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

शेवटचा नकार सर्वांत फसवा, कारण तो प्रस्थापना यशस्वी झाल्यावर येतो, आणि तो फक्त आपल्यासारख्यांनाच भोगावा लागतो. प्रणाली लागते, प्रिंटर चालतो, आणि जुनी मराठी पत्रे उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसतो. मालकाला वाटते फायली करप्ट झाल्या. झालेल्या नसतात. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. फाइलमध्ये साठलेले ते रोमन संकेत, आणि त्यांना मराठी चेहरा देणारा फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात. फॉरमॅटमध्ये तो फोल्डर गेला की चेहरा गेला. तोच फॉन्ट परत बसवला की अक्षरे परत येतात, आणि पुढे कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. एक्सपीच्या काळातली गंमत वेगळी होती: विंडोज २००० पासून देवनागरीची सोय प्रणालीत होती, पण एक्सपीत ती रीजनल सेटिंगमध्ये खूण करून आणि मूळ सीडी पुन्हा घालून सुरू करावी लागे. ज्याच्याकडे सीडी नव्हती त्याच्या संगणकाला मराठी येत नाही, अशी त्याची कायमची समजूत झाली. व्हिस्टापासून ही खूण लागत नाही, लिनक्समध्येही देवनागरीचे फॉन्ट सहसा सोबत येतात आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निवडता येतो. तरी जुन्या फायलींचा प्रश्न उरतोच, आणि तो प्रस्थापनेनंतर सोडवायला घेतला तर बहुधा उशीर झालेला असतो.

‘माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे, सी खुशाल उडवा’ असे सांगणाऱ्या मालकाचा डेस्कटॉप सी वरच असतो, ‘माय डॉक्युमेंट्स’ सी वर असते आणि मराठी फॉन्टही सी वरच असतात. म्हणून वाचकाला एकच विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी या तिन्ही गोष्टी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यांतली एक-दोन पत्रे दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पुढची सगळी प्रकरणे एवढे झाले आहे असे धरून लिहिलेली आहेत.